पहिली चिठ्ठी त्याच्या नावाची

माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत जनावरांचा बाजार भरतो, तेव्हा लोहा-कंधारकडच्या शेतकऱ्यांचं बोलणं ऐकावं. लाल कंधारी वळू असो की उदगीरकडचा देवणी, त्याची उंची, वशिंड, खूर, कातडीची झळाळी बघून झाली की प्रश्न येतो: याची पैदास कशी आहे? गाय दोनदा उलटली, म्हणजे गाभण राहिली नाही, तर शेतकरी गायीला डॉक्टरकडे नेतोच, पण वळूचीही चौकशी करतो. कृत्रिम रेतन केलेलं असेल तर कांडी कुठली होती, नायट्रोजनच्या भांड्यातून काढून किती वेळ झाला होता, हे विचारतो. सरकारी निकषाप्रमाणे गोठवलेल्या रेताच्या एका कांडीत किमान २ कोटी शुक्राणू असावे लागतात आणि ती वितळवल्यावर त्यांतले निम्मे तरी हालचाल करणारे असावे लागतात.

त्याच शेतकऱ्याच्या घरात सुनेला लग्नाला तीन वर्षं झाली तरी दिवस गेले नाहीत, की सगळी चौकशी एकट्या सुनेभोवती फिरते. आधी माहूरच्या रेणुकेला नवस. मग तालुक्याच्या गावी सोनोग्राफी, रक्त, थायरॉइड. मग महिन्यामागून महिने ‘अंड्याची सोनोग्राफी’, म्हणजे दर दोन दिवसांनी एसटीनं दवाखाना. मग गर्भनलिका मोकळ्या आहेत का हे पाहण्यासाठी औषध सोडून काढलेला एक्स-रे, ज्याच्या कळा बाया वर्षानुवर्षं विसरत नाहीत. कुणी ‘पिशवी साफ’ करून घ्यायला सांगतं, कुणी दुर्बिणीची तपासणी. यातलं बरंचसं होऊन गेल्यावर, फाईल दोन बोटं जाड झाल्यावर, नांदेडच्या डॉक्टर लेनमधल्या किंवा लातूरच्या एखाद्या दवाखान्यात कुणीतरी विचारतं, “मालकाची तपासणी झाली का?” आणि बाई खाली बघते.

वीर्य तपासणीला काही शे रुपये लागतात. सुई नाही, भूल नाही, कळ नाही. रिपोर्ट त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी मिळतो. वंध्यत्वाच्या सगळ्या तपासण्यांमध्ये सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कमी त्रासाची ही तपासणी आपल्याकडे शेवटी होते. झालीच तर पुष्कळदा घाईत होते, आणि तिचा रिपोर्ट चुकीचा वाचला जातो. या तिन्ही गोष्टींची किंमत मोजते ती बाई.

प्रश्न लहान नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ साली जगभरच्या अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला. त्यात प्रौढांपैकी सुमारे १७.५ टक्के, म्हणजे सहातल्या एका माणसाला आयुष्यात कधी ना कधी वंध्यत्वाला सामोरं जावं लागतं, असं निघालं. अशा जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांमध्ये पुरुषाच्या बाजूनं काही ना काही कारण सापडतं. कधी ते एकटंच असतं, कधी बाईच्या कारणाच्या जोडीनं. म्हणजे ‘आधी बाईचं बघू, मग त्याचं’ या क्रमाला वैद्यकशास्त्रात काहीच आधार नाही. दोघांची तपासणी एकाच दिवशी सुरू व्हायला हवी.

मग ती होत का नाही? माझ्या मते याचं एक मोठं कारण भाषेत आहे. बाईसाठी आपल्याकडे वांझ, वांझोटी हे शब्द तयार आहेत, गावातल्या ओवाळणीपासून डोहाळजेवणापर्यंत तिला बाजूला ठेवायला ते पुरतात. पुरुषासाठी मात्र तसा शब्दच नाही. ज्याच्या वीर्यात शुक्राणू कमी आहेत पण बाकी शरीरसंबंध अगदी सुरळीत आहे, अशा माणसाला काय म्हणायचं? लोक म्हणतात नपुंसक. हा शब्द साफ चुकीचा आहे. शुक्राणूंची संख्या आणि लैंगिक क्षमता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. धडधाकट, मिशीवाल्या, तालमीत घुमणाऱ्या माणसाचा शुक्राणूंचा आकडा शून्य असू शकतो. पण शब्द एकच असल्यामुळे वीर्य तपासणीची चिठ्ठी हातात पडली की माणसाला ती मर्दानगीची परीक्षा वाटते, आणि तो ती टाळतो.

ही गल्लत कायद्याच्या पुस्तकातही शिरलेली आहे. जादुई उपायांच्या जाहिरातींना बंदी घालणारा १९५४ चा केंद्रीय कायदा आहे. ज्या आजारांवर रामबाण उपायाची जाहिरात करता येत नाही त्यांची यादी त्याला जोडली आहे. त्यात ‘स्त्रियांमधील वंध्यत्व’ आहे. पुरुषांच्या वाट्याला ‘लैंगिक दुर्बलता’ आहे, वंध्यत्व नाही. पुरुषाला वंध्यत्व असू शकतं, हे त्या यादीच्या ध्यानीमनी नव्हतं. त्याउलट २०२१ च्या सहायक प्रजनन तंत्रज्ञान कायद्यातली व्याख्या पाहा: एक वर्ष कुठलंही साधन न वापरता संबंध ठेवूनही गर्भधारणा न होणं, किंवा जोडप्याला गर्भधारणेपासून अडवणारी सिद्ध झालेली वैद्यकीय स्थिती. इथे ‘जोडपं’ हा शब्द आला. कायद्याला या शब्दापर्यंत यायला सदुसष्ट वर्षं लागली. आपली घरं अजून तिथे पोचायची आहेत.

मराठीत या विषयावर बोललंच गेलं नाही असंही नाही. रघुनाथ धोंडो कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि १९२७ पासून १९५३ मध्ये मरेपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवलं. अश्लीलतेचे खटले अंगावर घेतले. त्यांतल्या एका खटल्यात त्यांच्या बाजूनं बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. शरीराबद्दल साध्या, स्वच्छ मराठीत बोलता येतं, हे कर्व्यांनी शंभर वर्षांपूर्वी दाखवून दिलं होतं.

आता तपासणीकडे येऊ. नमुना द्यायच्या आधी दोन ते सात दिवस वीर्यपात झालेला नसावा. दोन दिवसांपेक्षा कमी अंतर असेल तर संख्या कमी दिसते, सातापेक्षा जास्त झालं तर हालचाल मंदावलेली दिसते. नमुना हस्तमैथुनानं, रुंद तोंडाच्या स्वच्छ डबीत घ्यायचा. साबण, तेल, थुंकी यांपैकी काही लागता कामा नये. बाजारातला साधा निरोधही चालत नाही, कारण त्यावरचं वंगण शुक्राणूंना मारतं. वीर्याचा पहिला थेंब डबीबाहेर गेला तर ते लपवायचं नाही, सांगायचं. सर्वाधिक शुक्राणू सुरुवातीच्याच भागात असतात.

डबी प्रयोगशाळेत आली की घड्याळ सुरू होतं. वीर्य आधी घट्ट, चिकट असतं. ते साधारण अर्ध्या तासात, फार तर तासाभरात पातळ व्हायला हवं. मग त्याचं आकारमान, सामू, चिकटपणा पाहतात. एक थेंब काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरला की चारशे पट मोठं झालेलं दृश्य दिसतं. काही शुक्राणू सरळ रेषेत सुसाट पुढे जातात, काही रेंगाळत सरकतात, काही जागच्या जागी शेपटी हलवतात, काही निश्चल पडलेले. तंत्रज्ञानं किमान दोनशे शुक्राणू मोजून या चार गटांत वाटायचे असतात. मग दुसरा थेंब घेऊन पुन्हा दोनशे. दोन्ही मोजण्यांत फार तफावत आली तर परत पहिल्यापासून. संख्या मोजायला नमुना विरळ करून, रेघा आखलेल्या काचेच्या चौकटीत घालून एकेक चौकोन मोजावा लागतो. आकार पाहायला काचपट्टी रंगवून, वाळवून, आणखी मोठ्या भिंगाखाली. नीट केली तर ही मन लावून करायची तासाभराहून जास्त वेळाची कारागिरी आहे. सकाळच्या गर्दीत शंभर रक्ताचे नमुने शेजारी ठेवून एका नजरेत ‘साधारण साठ टक्के हलतात’ असं लिहून मोकळं होणं म्हणजे तपासणी नव्हे.

नांदेडसारख्या जिल्ह्यात यात आणखी एक अडचण आहे. नमुना दिल्यापासून तासाभरात, आणि शक्यतो अर्ध्या तासात त्याची पाहणी सुरू व्हावी लागते. किनवटचं गाव नांदेडपासून शंभराहून जास्त किलोमीटर लांब. देगलूर, मुखेड, निलंगा, उदगीर, कुठूनही घरी नमुना घेऊन शहरातल्या प्रयोगशाळेत वेळेत पोचणं शक्य नाही. म्हणजे नमुना प्रयोगशाळेतच द्यायचा. आणि तिथे बहुतेक ठिकाणी त्यासाठी असते ती सगळ्यांच्या वापरातली मोरी. कडी नीट लागत नाही, बाहेर कुणी दार वाजवतं, बाकावर चुलता बसलेला, आणि काउंटरवरची मुलगी मोठ्यानं नाव पुकारते. पहाटे चारला घर सोडून आलेला तिशीतला गडी अशा जागी नमुना देऊ शकला नाही, तर त्यात त्याचं काय चुकलं? पण तो तसाच परत जातो, पुन्हा येत नाही, आणि घरी सांगतो की ‘माझं सगळं ठीक निघालं.’ एक छोटी बंद खोली, आतून लागणारी कडी, हात धुवायला पाणी आणि नाव न पुकारता क्रमांकानं बोलावणं, एवढ्यानं या जिल्ह्यांतल्या कितीतरी तपासण्या वेळेत होतील. याला मोठं यंत्र लागत नाही.

रिपोर्ट हातात आला की पुढचा घोटाळा सुरू होतो. लातूरमध्ये गुणांचं महत्त्व कुणाला सांगावं लागत नाही. शिकवणीच्या गावात माणूस कागदावरचा आकडा गुणपत्रिकेसारखाच वाचतो. वीर्याचा रिपोर्ट मात्र तसा वाचायचा नसतो. जागतिक आरोग्य संघटनेनं वीर्य तपासणीची पहिली पुस्तिका १९८० साली काढली, सहावी २०२१ मध्ये. सहाव्या आवृत्तीतले खालच्या मर्यादेचे आकडे असे: आकारमान १.४ मिलिलिटर, दर मिलिलिटरला १ कोटी ६० लाख शुक्राणू, एकूण नमुन्यात ३ कोटी ९० लाख, हालचाल करणारे ४२ टक्के, पुढे जाणारे ३० टक्के, आणि आकारानं निर्दोष फक्त ४ टक्के. हे आकडे आले कुठून? ज्यांच्या बायकांना वर्षभराच्या आत दिवस गेले, अशा पुरुषांचे नमुने मोजले आणि त्यांतल्या सर्वांत खालच्या पाच टक्क्यांच्या जागी रेघ मारली. म्हणजे रेघेच्या खालचे पाच टक्केही बाप झालेलेच होते. रेघेच्या वर असलेला प्रत्येक जण बाप होईलच असंही नाही. ही रेघ म्हणजे पास-नापासची खूण नव्हे. तिचं काम डॉक्टरला पुढे काय पाहायचं ते सुचवणं एवढंच.

सगळ्यात जास्त रडारड होते ती आकाराच्या आकड्यावरून. ‘नॉर्मल ५ टक्के’ असं छापलेलं दिसलं की माणूस उरलेले ९५ टक्के सडके आहेत असं समजतो आणि जेवण सोडतो. खरं तर कडक निकषांनी मोजलं तर निरोगी, लेकरांच्या बापाचाही आकडा इतका खाली येऊ शकतो. उलट एखाद्या रिपोर्टात ‘निर्दोष ७५ टक्के’ किंवा ‘८० टक्के’ असं दिसलं तर मी त्या रिपोर्टावरच शंका घेईन. तिथे आजच्या पद्धतीनं मोजलेलं नाही.

दुसरी नेहमीची चूक ‘पस सेल’ची. वीर्यात गोल पेशी दिसल्या की सरसकट पू समजून प्रतिजैविकांचा कोर्स दिला जातो. त्यांतल्या पुष्कळ पेशी अर्धवट तयार झालेल्या शुक्राणूंच्या असतात. त्या पांढऱ्या पेशी आहेत की नाहीत हे ठरवायला वेगळा रंग वापरावा लागतो, आणि त्यांचं प्रमाण दर मिलिलिटरला दहा लाखांच्या वर असेल तरच त्याला अर्थ. तो रंग न वापरता दिलेली औषधं वाया जातात.

आणि सर्वांत महत्त्वाचं: एका रिपोर्टावर निकाल नाही. एकाच पुरुषाची शुक्राणूसंख्या काही आठवड्यांच्या अंतरानं निम्म्यावर येते किंवा दुप्पट होते. शुक्राणू तयार व्हायला सुमारे ७४ दिवस लागतात, शिवाय बाहेर पडण्यापूर्वीचा नळ्यांमधला प्रवास. म्हणजे आजच्या नमुन्यात दिसतं ते तीन महिन्यांपूर्वीचं शरीर. भाद्रपदात डेंग्यू किंवा टायफॉइडचा ताप येऊन गेला असेल तर दिवाळीनंतरचा रिपोर्ट खराब येऊ शकतो आणि होळीच्या सुमारास तोच माणूस पूर्ववत झालेला असतो. म्हणून पहिला रिपोर्ट खराब आला तर काही आठवड्यांनी पुन्हा तपासायचा, आणि एखादा उपाय सुरू केला असेल तर त्याचा गुण तीन महिन्यांनंतरच जोखायचा.

कारणांचं बोलायचं तर मराठवाड्यात काही गोष्टी डोळ्यांसमोर येतात. वृषण शरीराबाहेर लोंबतात ते उगाच नाही. त्यांना शरीरापेक्षा दोन ते चार अंश कमी तापमान लागतं. साखर कारखान्याचा बॉयलर, भट्टी, बेकरी, वेल्डिंग, लांब पल्ल्याचा ट्रक अशा कामांतली उष्णता आणि कमी झालेली शुक्राणूसंख्या यांचा संबंध अभ्यासांत दिसतो. फवारणीचं तर उदाहरण जगप्रसिद्ध आहे. १९७७ साली कॅलिफोर्नियातल्या एका कारखान्यात डीबीसीपी नावाचं कीटकनाशक बनवणाऱ्या कामगारांच्या लक्षात आलं की त्यांच्यापैकी कुणालाच मूल होत नाही. तपासलं तर अनेकांचा आकडा शून्य किंवा शून्याजवळ. २०१७ मध्ये आपल्या शेजारच्या यवतमाळात फवारणी करताना शेतकरी दगावले तेव्हा देश हादरला, पण रोज थोडं थोडं अंगावर घेतलेल्या औषधाचं काय होतं, याची विचारपूस कुणी करत नाही. कपाशी-सोयाबीनच्या शेतात उघड्या अंगानं पंप मारणाऱ्या तरुणानं निदान हातमोजे आणि मुसकं वापरावं, फवारणीनंतर आंघोळ करावी, एवढं तर घराला सांगता येतं. तंबाखू-चुना, गुटखा, खर्रा यांचाही शुक्राणूंवर परिणाम होतो. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, आणि तरी तो मिळतो.

गावातल्या नव्या व्यायामशाळांबद्दल एक इशारा द्यायलाच हवा. शरीर फुगवण्यासाठी घेतलेली टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं शुक्राणूंचं उत्पादन बंद पाडतात. बाहेरून संप्रेरक आलं की मेंदू वृषणांना आदेश देणं थांबवतो. हा परिणाम इतका भरवशाचा आहे की पुरुषांचं संततिनियमन म्हणून त्यावर जागतिक आरोग्य संघटनेनं प्रयोग केले होते. काही डॉक्टरही ‘ताकद येईल’ म्हणून वंध्यत्वाच्या रुग्णाला हेच इंजेक्शन देतात. मूल हवं असलेल्या माणसाला ते कधीही देऊ नये.

व्हेरिकोसील, म्हणजे अंडकोशातल्या शिरा फुगणं, हे शस्त्रक्रियेनं सुधारता येणारं सर्वांत सामान्य कारण. पण ते रुग्णाला उभं करून हातानं तपासल्यावर कळतं, आणि आपल्याकडे नवऱ्याला कुणी तपासतच नाही, त्याचा फक्त कागद बघतात. लहानपणी खाली न उतरलेलं वृषण हेही तसंच. मूल दीड वर्षाचं व्हायच्या आत शस्त्रक्रिया व्हावी. आपल्याकडे पुष्कळांच्या बाबतीत ते लग्नानंतरच लक्षात येतं. अंगणवाडीतच ही पाहणी झाली पाहिजे. क्षयरोगानं किंवा लहानपणच्या हर्नियाच्या शस्त्रक्रियेत नळी बंद झालेले रुग्णही असतात.

जगभर शुक्राणू घटत चालले आहेत का, हा वाद इथे थोडक्यात आटोपतो. हगाई लेव्हिन आणि सहकाऱ्यांनी २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या संकलनात १९७३ ते २०१८ या काळात शुक्राणूंची सरासरी संख्या निम्म्यावर आल्याचं म्हटलं; मोजण्याच्या पद्धती बदलत गेल्यामुळे इतर तज्ज्ञ त्यावर आक्षेप घेतात. नांदेडच्या एखाद्या जोडप्याच्या उपचारात या वादानं काही फरक पडत नाही.

‘शून्य’ रिपोर्टबद्दल मात्र थांबून बोललं पाहिजे. वंध्यत्व असलेल्या पुरुषांपैकी १० ते १५ टक्क्यांच्या वीर्यात एकही शुक्राणू सापडत नाही. तसं लिहिण्याआधी नमुना जोरात फिरवून तळाशी बसलेला गाळ तपासावा लागतो, आणि दुसऱ्या नमुन्यानं खात्री करावी लागते. पुष्कळ प्रयोगशाळा हे करत नाहीत, आणि गाळात चार शुक्राणू सापडले तरी उपचाराचा रस्ता बदलतो. मग प्रश्न पडतो: कारखाना बंद आहे की रस्ता? वृषणांचा आकार, एफएसएच आणि टेस्टोस्टेरॉन या रक्ततपासण्या आणि वीर्याचं आकारमान यावरून बरंचसं कळतं. रस्ता बंद असेल तर कधी शस्त्रक्रियेनं मोकळा करता येतो, किंवा सुईनं थेट आतून शुक्राणू काढता येतात. मेंदूकडून आदेशच येत नसतील तर काही महिने संप्रेरकांची इंजेक्शनं देऊन अनेकांचे शुक्राणू परत येतात. वंध्यत्वाच्या उपचारांत इतकं खात्रीचं यश क्वचितच मिळतं. कारखानाच बंद असेल तर आनुवंशिक तपासणी लागते. नांदेडहून एका रात्रीच्या गाडीवर असलेल्या हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेत के. थंगराज, लालजी सिंग आणि सहकाऱ्यांनी शून्य शुक्राणू असलेल्या भारतीय पुरुषांचा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध केला. त्यांतल्या सुमारे साडेआठ टक्के पुरुषांच्या वाय गुणसूत्राचा तुकडा गळालेला होता. हा दोष असलेल्या पुरुषाला तंत्रज्ञानानं मुलगा झाला तर तोच दोष त्याच्याकडेही जातो. हे जोडप्याला आधी सांगायला हवं.

शिवाय खराब रिपोर्ट हा मूल होण्यापुरताच प्रश्न नसतो. वृषणाचा कर्करोग, संप्रेरकांचे आजार यांची पहिली खूण कधी कधी याच कागदावर दिसते.

गोळ्या-पावडरींचा धंदा मोठा आहे. जस्त, फॉलिक ॲसिड, नाना प्रकारची अँटिऑक्सिडंट एकत्र केलेली महागडी पाकिटं महिनोन्‌महिने लिहून दिली जातात. २०२० साली अमेरिकेत २,३७० जोडप्यांवर झालेल्या चाचणीत जस्त आणि फॉलिक ॲसिड घेतल्यानं ना वीर्य सुधारलं ना जास्त मुलं जन्मली. त्याच वर्षी अँटिऑक्सिडंट गोळ्यांच्या दुसऱ्या एका चाचणीतही फायदा दिसला नाही. एवढं माहीत असताना शेतमजुराच्या खिशातून दर महिन्याला दोन-तीन हजार काढणं मला पटत नाही. एसटी स्टँडच्या भिंतींवरचे ‘धातू’वाले आणि रस्त्याकडेचे तंबू हा तर १९५४ च्या त्याच कायद्यानं बंद करता येण्यासारखा व्यवहार आहे. शुक्राणूंच्या डीएनएच्या तुकड्यांची तपासणीही अलीकडे पहिल्याच भेटीत सुचवली जाते. वारंवार गर्भपात होत असतील तर तिचा विचार करावा. पहिल्या दिवशी तिची गरज नाही.

रिपोर्टावरून उपचाराची पायरी ठरते. किंचित कमतरता असेल तर वेळ आणि सवयी. थोडी जास्त असेल तर धुतलेले शुक्राणू गर्भाशयात सोडायचं आययूआय, पण त्यासाठी धुतल्यावर पुरेसे हलते शुक्राणू हाती यावे लागतात. फारच कमी असतील तर इक्सी, म्हणजे एकच शुक्राणू थेट बीजात टोचणं. ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांतून हर्षा चावडा जन्मली, तेव्हाच्या टेस्ट ट्यूब पद्धतीत शुक्राणू पुष्कळ लागत. १९९२ मध्ये ब्रुसेल्सहून जानपिएरो पालेर्मो यांच्या गटानं एकच शुक्राणू सुईनं बीजात टोचून गर्भ तयार केल्याचं जाहीर केलं आणि ज्यांना आशा नव्हती असे हजारो पुरुष बाप झाले.

हे तंत्र मोलाचं आहे. पण त्याची दुसरी बाजू बोलली जात नाही. इक्सीमध्ये दोष त्याचा असतो आणि इंजेक्शनं तिला घ्यावी लागतात. दहा-बारा दिवस पोटात सुया, सोनोग्राफ्या, भूल देऊन बीजं काढणं, मग वाट पाहणं, सगळं तिच्या अंगावर. एका फेरीला लाखाच्या वर खर्च, आणि यशाची हमी नाही. म्हणून व्हेरिकोसील, संप्रेरक, बंद नळी, चालू असलेलं टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन हे काहीही न पाहता रिपोर्ट कमी आला म्हणून थेट इक्सीचा दर सांगणं म्हणजे त्या बाईवर अन्याय आहे. पुरुषाला हातानं तपासणारा मूत्ररोगतज्ज्ञ किंवा पुरुष-वंध्यत्वाचा जाणकार या साखळीत हवाच.

परक्याच्या शुक्राणूची वेळ आली तर २५ जानेवारी २०२२ पासून लागू झालेला तोच २०२१ चा सहायक प्रजनन कायदा स्पष्ट आहे. शुक्राणू नोंदणीकृत बँकेतूनच यायला हवेत. दाता २१ ते ५५ वयाचा, रोगांसाठी तपासलेला. एका दात्याचे शुक्राणू एकाच जोडप्याला. दोघांची लेखी संमती. आणि जन्मलेलं मूल त्या जोडप्याचंच. ‘मालकाला सांगू नका, आपण मिसळून टाकू’ अशी कुजबुज जिथे ऐकू येईल तिथून उठून यावं.

सरकारी बाजू कमजोर आहे. आयुष्मान भारत योजनेत वंध्यत्वाचे उपचार बसत नाहीत. गोव्यानं २०२३ मध्ये बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयात मोफत सोय सुरू करून दाखवली. नांदेडला विष्णुपुरीत डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे. इक्सीची महागडी यंत्रं तिथे उद्याच आणा असं माझं म्हणणं नाही. पण प्रमाणित पद्धतीची वीर्य तपासणी, एक बंद खोली आणि आठवड्यातून एक दिवस पुरुषांसाठी बाह्यरुग्ण विभाग, एवढं या दोन संस्थांना जमण्यासारखं आहे. नसबंदी झालेल्या पुरुषाची तीन महिन्यांनी वीर्य तपासणी करून शून्याची खात्री करायची, हे कुटुंबनियोजनाच्या नियमांतच आहे. म्हणजे ही तपासणी सरकारी व्यवस्थेला परकी नाही. त्या नसबंदीचंही प्रमाण पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरात ०.३ टक्के आहे आणि बायकांचं ३७.९ टक्के. मूल नको असलं तरी तीच टेबलावर, हवं असलं तरी तीच.

वाचकांपैकी कुणाच्या घरी ही वेळ असेल तर एवढं करा. लग्नानंतर साधन न वापरता वर्ष झालं, किंवा बाईचं वय पस्तिशीच्या पुढे असून सहा महिने झाले, तर दोघं एकत्र डॉक्टरकडे जा. जाण्याआधी दोन ते सात दिवसांचं अंतर ठेवा. मागच्या तीन महिन्यांतला ताप, चालू औषधं, इंजेक्शनं, तंबाखू, कामाची जागा हे सगळं कागदावर लिहून न्या. प्रयोगशाळेला विचारा की मोजणी २०२१ च्या पुस्तिकेप्रमाणे होते का. रिपोर्ट खराब आला तर घरी जाहीर करायची घाई नको. दुसऱ्या तपासणीची तारीख घ्या. आणि बायकोच्या गर्भनलिकांच्या एक्स-रेची चिठ्ठी डॉक्टरांनी लिहायला घेतली, तर नवऱ्यानं स्वतःच म्हणावं, “डॉक्टर, आधी माझी लिहा.”